एअर इंडिया टाटांची, मग नरिमन पॉइंटची बिल्डिंग सरकारची कशी?

कोथरूडकर: परवा मरीन ड्राइव्हवर लेकीने विचारलं, "बाबा, विमानं टाटांची झाली ना, मग ही बिल्डिंग सरकारकडे कशी?" मी कणसात तोंड घालून वेळ मारून नेली. कुणी सांगेल का?

हिशेबनीस: विक्रीत ती नव्हतीच. इमारती नि जमिनी आधीच एका वेगळ्या सरकारी कंपनीच्या नावावर काढल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली ती विमानसेवा. बिल्डिंग राज्य सरकारने १,६०१ कोटींना घ्यायची ठरवली, केंद्राने मार्च २०२४ मध्ये होकार दिला. खालची जमीन मुळात राज्याचीच, भाडेपट्ट्याने दिलेली.

डेक्कनक्वीनवाला: हिशेब बरोबर. मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये नोकरीला होतो, बावीस वर्षं पुण्याहून रोज पास काढून. सव्वासातची क्वीन, डायनिंग कारमधलं ऑम्लेट, व्हीटीला उतरून शेअर टॅक्सी. टॅक्सीवाल्याला आमच्या कंपनीचं नाव कधीच कळलं नाही, "एअर इंडिया" म्हटलं की पुरे. तेवीस मजले, १९७४ साली पुरी झालेली, माथ्यावर तो अर्धा घोडा अर्धा माणूस धनुष्य ताणून उभा. पावसाळ्यात त्या कोपऱ्यावर छत्री उघडणारा माणूस हमखास बाहेरगावचा. (पहिल्या वर्षी माझ्याही दोन गेल्या.)

१२ मार्च १९९३. दुपारी जेवण उरकून जागेवर बसलो आणि खिडक्या हादरल्या. स्फोट एअर इंडियाच्या बिल्डिंगमध्ये झाला होता. खाली आलो तर रस्ताभर काचा. फोन लागेनात. मिळेल त्या गाडीने मध्यरात्री शिवाजीनगरला उतरलो, तर बायको मोठ्या दिरांना घेऊन फलाटावर उभी. त्यानंतर महिनाभर ती मला डबा देताना काही बोलत नसे.

कोथरूडकर: काका, वाचून गप्पच झालो. मुख्यालय तिथून कधी हललं?

डेक्कनक्वीनवाला: २०१३ मध्ये दिल्लीला. तोवर मी निवृत्त. पण खरं सांगू, आधीपासूनच मजले भाड्याने द्यायला काढले होते, तेव्हाच आम्ही ओळखलं. घरातल्या खोल्या भाड्याने द्यायची वेळ आली की वाड्याचं काय होतं, हे सदाशिव पेठेत वाढलेल्याला सांगावं लागत नाही.

हिशेबनीस: राज्याला जागेची निकड होतीच. २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयातली बरीच खाती इकडेतिकडे भाड्याच्या जागांत गेली होती.

डेक्कनक्वीनवाला: असेल. कोथरूडकर, लेकीला पुढच्या वेळी क्वीनने न्या. ऑम्लेट माझ्याकडून.