व्हायटल साइन्स : लक्षणे, चिन्हे की आणखी काही?

अनुवादिका : एका औषधचाचणीच्या संमतिपत्राचं मराठी करतेय. 'व्हायटल साइन्स'ला, म्हणजे नाडी, रक्तदाब, ताप, श्वास अशा मोजायच्या गोष्टींना, 'जीवनलक्षणे' लिहिलं. तपासणीसाठी मराठीचं पुन्हा इंग्रजी करणाऱ्याने त्याचं 'सिम्प्टम्स' (रुग्ण सांगतो त्या तक्रारी) केलं आणि कागद परत आला. 'महत्त्वाची चिन्हे' लिहावं तर रस्त्यावरच्या पाट्या आठवतात. काय करू?

वॉर्डातली सिस्टर : आम्ही 'व्हायटल्स घेतले' म्हणतो. पेशंटला मात्र 'बीपी बघते, ताप बघते'. मोजून चार-पाच गोष्टी, सरळ नावं लिहा की ताई.

जुनी वही : बीपीच लिहायचं तर मराठी करता कशाला? रक्तदाब रुळलाय. आणि लक्षण रुग्ण सांगतो, चिन्ह डॉक्टरला दिसतं, हा भेद मराठीने कधी मानला? 'मुलाची लक्षणं बरी दिसत नाहीत' म्हणतो तेव्हा मुलगा काही सांगत नसतो. 'प्राणचिन्हे' घ्या.

अनुवादिका : वही काका, प्राणचिन्हे वाचून पेशंट सही न करता पळेल.

डेटावाला : मथळा काहीही द्या, नाडी जपून लिहा. सीडिस्क, म्हणजे औषधचाचण्यांचा डेटा कसा लिहायचा ते ठरवणारी संस्था, तिच्या प्रमाण यादीत 'पल्स' आणि 'हार्ट रेट' यांना दोन वेगळे कोड आहेत. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित पडतात तो आजार) छातीला स्टेथोस्कोप लावून 110 ठोके ऐकू येतात आणि मनगटावर 90च लागतात, कारण काही ठोके तिथवर पोचतच नाहीत. दोन्हींना 'नाडी' लिहिलंत की तो फरक गेला. बीपी बसून घेतलं की झोपून, ताप काखेत की तोंडात, यांनाही वेगळे रकाने असतात.

वॉर्डातली सिस्टर : तापाचं विचारूच नका! घरी भरायच्या डायरीत 'ताप' असा रकाना होता. एका आजोबांनी आठवडाभर 'नाही, नाही, नाही' असं लिहून आणलं. थर्मामीटर डबीतच.

जुनी वही : म्हणूनच 'तापमान' हवं.

वॉर्डातली सिस्टर : त्यावर दुसऱ्या आजींनी विचारलं, घरातलं की बाहेरचं?

डेटावाला : 'अंगाचा ताप किती (आकडा)' लिहा. बीपीच्या सिस्टॉलिक-डायस्टॉलिकलाही 'वरचा आकडा, खालचा आकडा' पुरे. घरच्या मशीनवर तसेच दिसतात.

जुनी वही : 'प्रकुंचन' आणि 'अनुशिथिलन' असे शब्द असताना?

वॉर्डातली सिस्टर : ते उच्चारतानाच बीपी वाढतं.

जुनी वही : हसा. पण नाडी हा शब्द तरी नीट बघा. मूळ अर्थ पोकळ देठ, नळी. नळी, नाळ त्याच घरातले. म्हणजे पायजम्याची नाडी हा अपभ्रष्ट वापर, ती कुठे पोकळ असते?

सहज डोकावलेला : नेफा पोकळ असतो ना! नाडी त्यातूनच जाते.

जुनी वही : नेफा फारसी. त्याचा इथे संबंध नाही.

सहज डोकावलेला : आणि 24 मिनिटांची नाडी? आमचे आजोबा घटकेला नाडी म्हणायचे. वेळ मोजायला पाण्यात ठेवलेली वाटी बुडायची ती. तीही पोकळच.

जुनी वही : हा मुद्दा आहे. वाटीच्या बुडाला भोक असायचं...

अनुवादिका : मंडळी, कागद उद्या सकाळी द्यायचाय.

जुनी वही : ...त्या भोकाला काय म्हणत, कुणाला आठवतं का?