पहिली ते पाचवीला खेळ, कला, भाषेचे वेगळे शिक्षक हवेत का?

पाटीपेन्सिल

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी एक चांगली तरतूद आहे. मुलं शंभरावर असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक. पहिली ते पाचवीला यातलं काहीच नाही, तिथे फक्त पटाचा हिशोब: साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन. कान आणि हात तयार होण्याचं, न लाजता दुसरी भाषा बोलून बघण्याचं हे वय, आणि नेमक्या याच वयात त्या विषयाचा जाणकार माणूस मुलांना शाळेत भेटत नाही.

शहरातल्या बऱ्याच खाजगी शाळा हे शाळा सुटल्यावर विकतात. स्केटिंग, कीबोर्ड, जर्मन, प्रत्येकाची वेगळी फी. ज्याची फी भरली ते मूल थांबतं, बाकीची व्हॅनमध्ये बसून घरी. हे मला मान्य नाही.

माझं म्हणणं असं: प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, तीन फिरते शिक्षक द्या. एक खेळाचा, एक चित्र-संगीताचा, एक भाषेचा. शाळेच्याच वेळात, फी न घेता. पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस, 800 तास शिकवायचं असतं. आठवड्याला दोन तास धरले तर दहावा हिस्साही जात नाही.

माणदेशी_गुरुजी

पाटीपेन्सिल, तळमळ कळते, पण माझा विरोध आहे. माझी शाळा दोन शिक्षकी. तिसरी-चौथी एका खोलीत, पहिली-दुसरी दुसऱ्या. त्यात मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, रोजची ऑनलाइन माहिती. आधी वर्गाला एक शिक्षक पुरा द्या, मग फिरत्यांचं बोला.

शिवाय चौथीतल्या मुलाचं चित्र गणितापासून वेगळं काढता येत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत मी सममिती शिकवतो, लेझमीच्या ठेक्यावर पाढे घेतो. बालभारतीचं खेळ-कलेचं पुस्तक ‘खेळू, करू, शिकू’ आम्हा वर्गशिक्षकांच्याच हातात आहे. उद्या चित्रकलेच्या बाई गुरुवारी येणार म्हटल्यावर चित्र गुरुवारपुरतं उरेल. बाकी पाच दिवस कोणी रंगाची पेटी उघडणार नाही.

चौथीची_आई

गुरुजींशी सहमत. मुलांना जरा मोकळं सोडा की. प्रत्येक गोष्टीला शिक्षक लावला की खेळसुद्धा तास होतो.

खोखो_ताई

मी मुलांना खो-खो शिकवते, म्हणून लिहिते. गुरुजी, तुमच्यासारखे शिक्षक असतील तिथे प्रश्नच नाही. पण पी.टी.च्या तासाला मी काय बघते? चार चपळ मुलं खेळतात, उरलेली कडेला बसून टाळ्या वाजवतात, आणि त्यात मुली जास्त. एका मैदानावर चाळीस पोरं एकाच वेळी हलती ठेवणं हे कसब आहे, ते शिकावं लागतं. पडायचं कसं हेही शिकवावं लागतं. खांबाला वळताना पाय कुठे टाकायचा हे न सांगता मुलाला पळवलं, तर घोटा जातो.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष, दोन्ही अंतिम सामन्यांत आपण नेपाळला हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आनंदच आहे. पण त्यानंतर सात वर्षांच्या मुलाला स्पर्धेला उतरवा म्हणून पालक मागे लागतात. तिथे ‘नाही’ ठामपणे म्हणायलाही जाणकारच लागतो. या वयात धावणं, उडी, तोल, फेकणं-झेलणं एवढं भरपूर आहे.

चौथीची_आई, मोकळं सोडायला मैदान तरी हवं. शहरात ते राहिलंय कुठे?

लेस्टरकर

इंग्लंडमधला अनुभव सांगतो, मुलं इथल्या प्राथमिक शाळेत आहेत. 2013 पासून सरकारने प्राथमिक शाळांना खेळासाठी वेगळा निधी सुरू केला. 2017 पासून, पात्र मुलं 17 किंवा जास्त असतील तर शाळेला वर्षाला 16,000 पौंड आणि शिवाय प्रत्येक मुलामागे 10 पौंड मिळू लागले. बऱ्याच शाळांनी बाहेरच्या कंपन्यांचे प्रशिक्षक लावले.

आता खरी गोम. इथे शिक्षकाला दहा टक्के वेळ वर्गाबाहेर, तयारी आणि तपासणीसाठी मिळतो. तो तास सांभाळायला सोयीचा माणूस म्हणजे हाच प्रशिक्षक. तो मैदानावर, बाई स्टाफरूममध्ये. बाई खेळ घ्यायला शिकत नाहीत, आणि प्रशिक्षकाला कुठलं मूल दम्याचं, कुठलं घाबरट, याचा पत्ता नसतो. या निधीतून असे तास भरून काढू नका, असं सरकारी सूचनांमध्येच लिहावं लागलं. तेव्हा माझा पाठिंबा एका अटीवर: फिरता शिक्षक आला की वर्गशिक्षक शेजारी उभा हवा.

सातपुडा

भाषेबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितोय. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यावर पहिलीचं मूल घरी पावरी किंवा भिली बोलतं. पुस्तकातली मराठी त्याला नवीच असते. आमच्याकडे भाषेचा विशेष शिक्षक म्हणजे जर्मनवाला नाही, पावरी आणि मराठी दोन्ही बोलणारी, पाड्यावरचीच शिकलेली मुलगी. मेळघाटात कोरकूचं तेच. 2025 च्या एप्रिलपासून जूनअखेर शासन निर्णय मागे घेईपर्यंत, पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्यभर रान उठलं. त्या सगळ्या गदारोळात या मुलाची भाषा कितीजणांनी काढली?

कलेचंही तसंच. काठी गावच्या होळीत रात्रभर मोठा ढोल वाजवणारा माणूस मुलांना ताल शिकवू शकत नाही का? 2020 च्या राष्ट्रीय धोरणात स्थानिक जाणकारांना शाळेत घ्यायची सोय आहेच. डी.एड.चा कागद मागितला की मात्र तो माणूस दारातूनच परत जातो. म्हणून फिरता नको, गावातलाच हवा.

माणदेशी_गुरुजी

सातपुडा, हे पटण्यासारखं आहे, पण त्याला पैसे कोण आणि किती देणार? तासिका तत्त्वावर नेमलेला माणूस सुट्टीच्या महिन्यांत काय खाणार? दिवाळीनंतर तो दुसरं काम बघेल, आणि मुलांना लळा लागल्यावर ते जास्त वाईट.

लेस्टरकरांची अट मला हवीच आहे. फक्त दोन शिक्षकी शाळेत ती पाळायची तर चारही वर्ग एकत्र घ्यावे लागतील. सहा वर्षांची आणि दहा वर्षांची एका मैदानावर.

खोखो_ताई

घेता येतात, सर. थोरल्यांना धाकट्यांच्या जोडीला लावायचं. वाडीवर मुलं तशीच खेळतात.

पाटीपेन्सिल

मग मी प्रस्ताव बदलते. खेळाचा शिक्षक फिरता, कारण प्रशिक्षण लागतं. भाषा आणि कलेसाठी गावातला किंवा पाड्यावरचा माणूस, कागदाची अट नाही. मानधन तासावर नाही, बारा महिन्यांचं. वर्गशिक्षक हजर. आणि परीक्षा, श्रेणी, प्रमाणपत्र काही नाही. आमच्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना दहावीचे वाढीव गुण जोडले गेले आणि कितीतरी मुलं फक्त त्या गुणांसाठी चित्र काढू लागली.

माणदेशी_गुरुजी

परीक्षेचा मुद्दा तुम्ही शेवटी टाकला, मी तो पहिला लिहिला असता. वर्ष संपलं की वरून तक्ता येणार, किती मुलं ‘प्रगत’. तो तक्ता येणार नाही हे आदेशात लेखी असू द्या. तेवढं असेल तर आमच्या शाळेत बुधवारी जेवणानंतरचे दोन तास देतो. मैदान आहे, ढोलकी आहे, हार्मोनियमचा भाता मात्र फाटलाय.