मदत हवी आहे: 'शाळा' पुन्हा पाहिला आणि भाचीच्या प्रश्नाला अडले
सुजय डहाकेंचा 'शाळा' हा सिनेमा २०१२ मध्ये थिएटरात पाहिला तेव्हा मी नववीतच होते. त्यातल्या नववीतल्या जोशी आणि शिरोडकरची नजरानजर सोडून दुसरं काही दिसलंच नाही. जितेंद्र जोशीचा नरूमामा आवडला होता, तेवढंच. परवा भाचीसोबत पुन्हा पाहिला, तर या वेळी माझं लक्ष सारखं मोठ्या माणसांकडे आणि त्या आणीबाणीकडे. भाचीने विचारलं, "मावशी, तेव्हा शाळेत काय वेगळं होतं गं?" मला सांगता येईना.

इथे कोणी १९७५ ते ७७ या काळात आठवी-नववीत होतं का? घरात, वर्गात नेमकं काय जाणवायचं? सिनेमा ज्यावर बेतलाय ती मिलिंद बोकिलांची कादंबरी भाचीला आत्ताच द्यावी का? ती चौदाची आहे.