माझ्यानंतर सुरू केलेली माझ्यापुढे गेली, आता पळायची मजाच गेलीय

तळजाईचं_कासव
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.
वय ४१, बँकेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरला आली म्हणून पुण्यात तळजाई टेकडीवर चालायला लागले, मग हळूहळू पळायला. पहिल्यांदा न थांबता २ किमी झाले तेव्हा मी अक्षरशः बाकावर बसून रडले होते. मग ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला मीच ओढून आणलं, शूज कुठले घ्यायचे ते पण मीच सांगितलं. आज ती ५ किमी २९ मिनिटांत करते आणि मी ३८ वर अडकलेय. आनंद व्हायला हवा ना? नाही होत. सकाळी डोळे उघडले की आधी स्ट्राव्हा (कोण किती पळालं ते दाखवणारं ॲप), आणि त्यात आधी तिचं.
कहर म्हणजे परवा माझं ९.८ किमीवर संपलं आणि तिचे १० झालेले दिसले, तर रात्री साडेदहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरून ते २०० मीटर भरले. वॉचमन काका टॉर्च घेऊन आले, म्हणे मॅडम काही हरवलंय का?
सप्टेंबरच्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं दोघींनी रजिस्ट्रेशन केलंय. उजवा गुडघा दुखतोय तरी रोज पळतेय कारण ती पळतेय. नवरा म्हणतो "तुझी स्पर्धा तुझ्याशीच". अहो पण हे गुड मॉर्निंगच्या मेसेजसारखं झालं, रोजच्या रोज ते करायचं कसं हे कुणी सांगत नाही. तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?

घाटातली_धाप
ताई, वॉचमन वाचून हसलो, कारण मी पण टेरेसवर हे केलंय 😄
मी ५८ चा, साताऱ्याची पाच वेळा केली. तिथे एक गंमत आहे, तुम्हाला कळेलच. यवतेश्वरचा घाट चढत जायचं आणि वरून वळून त्याच रस्त्याने खाली यायचं, त्यामुळे तुम्ही अजून धापा टाकत चढताय आणि पुढची पोरं समोरून सुसाट उतरत येतात. पहिल्या वर्षी मी उतरणारे मोजत बसलो. ऐंशीच्या पुढे मोजणं सुटलं आणि पायातलं बळ पण. बाजूला दरी, ढग खाली उतरलेले, त्यातलं काही बघितलंच नाही.
करायचं कसं विचारलंत म्हणून सांगतो. महिन्यातून एकदा, तोच रस्ता, तीच वेळ, ५ किमी. पण जोर लावायचा नाही, नाडी एका आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही. माझी मी १३५ ठेवतो, तुमची वेगळी असेल, सोपी खूण म्हणजे पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मग किती मिनिटं लागली ते लिहायचं. हळू पळून पळून हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, मग तेवढ्याच नाडीत तुम्ही जास्त वेगाने जाता. माझे एका वर्षात साडेचार मिनिटं कमी झाले आणि हे जगात कुणालाच दिसलं नाही, फक्त आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला. तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहितो. आणि हो, मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच. उन्हाळ्यात नाडी चढतेच, उगाच "मी मागे पडले" करू नका.

स्टीपलचेस_फॅन
काकांना मान आहे पण मला हे "दुसऱ्याकडे बघूच नका" पटत नाही.
आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या, ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची शर्यत पळतो. टोकियो ऑलिम्पिकला ८:१८.१२ (८ मिनिटं १८.१२ सेकंद), म्हणजे त्या वेळचं नॅशनल रेकॉर्ड, आणि हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, नंबर सातवा, फायनल हुकली. २०२४ च्या जुलैत पॅरिस डायमंड लीगला ८:०९.९१, परत स्वतःचंच रेकॉर्ड मोडलं आणि आला सहावा. आता तो दिवस चांगला म्हणायचा का वाईट? मी तर चांगलाच म्हणेन. पण २०२२ च्या कॉमनवेल्थला बर्मिंगहॅममध्ये ८:११.२० पळून रौप्य मिळालं, सोनं ०.०५ सेकंदाने गेलं. पुढे तो केनियाचा किबिवोट नसता तर साबळे ८:११ पळाला असता का हो? मला नाही वाटत.
तर मैत्रिणीला रविवारी पहिले २ किमी धरा, मग सोडून द्या. ती पेसर आहे समजा, म्हणजे पुढे पळून वेग ठरवून देणारी, फुकट मिळालीय. बाकी सहा दिवस तिचं तोंड बघू नका (स्ट्राव्हावर).
आणि एक विचारायचं राहिलं, ती किती वर्षांची आहे?

पेठेतला_माजी_उमेदवार
धावण्यात हे सगळं ठीक आहे हो, आमच्याकडे एमपीएससीला कटऑफ असतो, तिथे स्वतःशी स्पर्धा करून पोस्ट निघत नाही. तरी सांगतो. सदाशिव पेठेत अभ्यासिकेत शेजारचा उठेपर्यंत मी उठायचो नाही, बारा बारा तास, आणि पुस्तकाचं पान तेच. नंतर एका वहीत फक्त चुकलेले प्रश्न लिहायला लागलो, का चुकला ते: येतच नव्हता, घाईत वाचला, की तुक्का मारला. तीन टेस्टमध्ये कळलं की निम्म्याहून जास्त तुक्के, आणि चार चुकले की एका बरोबर उत्तराचा मार्क जातो. निगेटिव्ह निम्म्यावर आलं. पोस्ट नाहीच निघाली, आता खासगीत आहे, पण ती वहीची सवय कामात पण राहिलीय. शेजाऱ्याचं काय झालं माहीत नाही, त्याचं नाव पण कधी विचारलं नव्हतं.

पाय_जमिनीवर
बाकी तत्त्वज्ञान नंतर. गुडघा दुखतोय तर रोज का पळताय बाई?? आधी फिजिओला दाखवा. घाट उतरताना गुडघ्यावर जो मार बसतो तो चढताना बसत नाही, सगळे चढाला घाबरतात आणि उताराला दुखावतात.

तळजाईचं_कासव
सगळ्यांचे आभार. @स्टीपलचेस_फॅन ती ३१ ची, आणि कॉलेजला खोखो खेळायची. हे लिहिताना माझं मलाच हसू आलं.
फिजिओकडे जाऊन आले, दहा दिवस पळणं बंद होतं, मांडीचे व्यायाम दिलेत. तिला सगळं सांगून टाकलं, पार्किंगसकट. ती म्हणाली मी तर तुझे रविवारचे लांबचे रन बघून जळायचे, मला १२ च्या पुढे कंटाळा येतो. आता बोला.
स्ट्राव्हा फोनमधून काढलं होतं, चौथ्या दिवशी परत टाकलं, खोटं कशाला सांगू. पण @घाटातली_धाप काका, कॅलेंडरचं सुरू केलंय, नाडीचा आकडा पण लिहिते. फक्त आमच्याकडे त्याच चौकोनात दुधाचा हिशोब असतो, काल सासूबाई विचारत होत्या, सोमवारी १४२ लिटर कुणी घेतलं?