अ‍ॅप्रन घातला म्हणजे झालं?

'कॅथलॅबमध्ये सगळे शिशाचा अ‍ॅप्रन घालतात, मग भीती कसली?' असं एकाने विचारलंय. (कॅथलॅब म्हणजे एक्स-रेच्या चित्रावर बघत हृदयाची अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करतात ती खोली.) अ‍ॅप्रन धड झाकतो. डोळे, हात, डोकं उघडंच. शिवाय स्टाफला लागणारे किरण मुख्यतः पेशंटच्या अंगावरून विखुरलेले असतात. त्यामुळे पेशंटचा डोस (अंगाला लागणारं किरणांचं प्रमाण) घटला की आपलाही घटतो.

खरी बचत एक्स-रे चालू करणाऱ्या पायाखालच्या पेडलवर आहे. चित्र गोठवून बघता येत असताना पाय दाबून ठेवायचा कशाला? सेकंदाला एक्स-रेच्या 15 ऐवजी 7.5 पल्सवरही (झोतांवरही) बऱ्याच कामांत रक्तवाहिनीत सरकवलेली तार नीट दिसते. चित्र टिपणारा डिटेक्टर पेशंटच्या छातीजवळ, किरण सोडणारी एक्स-रे नळी पेशंटपासून शक्य तितकी लांब, झोत अरुंद करणारा कॉलिमेटर आत. आणि ज्याचं काम नाही त्याने मागे सरकावं: अंतर दुप्पट केलं की डोस साधारण पाव.

डोळ्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मोतीबिंदू पूर्वी वाटायचं त्याहून कमी डोसला होतो हे दिसल्यावर आयसीआरपीने (किरणांपासून संरक्षणाच्या शिफारशी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 2011 मध्ये डोळ्याच्या भिंगाची वार्षिक मर्यादा 150 मिलिसिव्हर्टवरून (डोस मोजायचं एकक) 20 वर आणली (5 वर्षांची सरासरी). छताला टांगलेली शिशाच्या काचेची ढाल त्यासाठीच असते. मी होतो तिथे ती कायम भिंतीकडे ढकललेली, आणि अंगावर लावून डोस मोजायचा टीएलडी बॅज ड्रॉवरमध्ये!