मदत हवी आहे: मानेत गाठ नाही, तरी मान का कापायची? (बाबांना गालाचा कॅन्सर, यवतमाळ जिल्हा)

पऱ्हाटी:

बाबा ५४ वर्षांचे. गाव घाटंजी तालुक्यात, कोरडवाहू शेती, केशरी रेशनकार्ड. खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण) तरुणपणापासून. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, वरणात मिरची जराशी जास्त झाली तरी डोळ्यांत पाणी येतं. पण आमच्याकडे निम्म्या गावाचं तोंड असंच, त्यामुळे त्याला कोणी आजार धरत नाही. पोळ्यानंतर उजव्या गालाच्या आत जखम दिसली, ती काही केल्या भरून नाही राहिली, तेव्हा यवतमाळला नेलं. तुकडा तपासला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. सीटीत २.८ सेंटिमीटरची गाठ, जबड्याच्या हाडाला लागलेली नाही, मानेतही काही नाही. कागदावर टी२ (गाठीचा आकार) एन० (मानेच्या ग्रंथींत काही नाही) लिहिलं आहे.

नागपूरच्या कॅन्सर सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, गालातला रोगट भाग काढू, आणि त्याच वेळी मानेच्या उजव्या बाजूच्या ग्रंथीही काढू. शेक (रेडिएशन) द्यायचा की नाही ते नंतर रिपोर्ट पाहून. मानेत काही नाही तर मान कशाला, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत येऊन बसला होता.

घरी आल्यापासून जो येतो तो डॉक्टर होऊन राहिला. मोठे बाबा म्हणतात, चाकू लागला की कॅन्सर पसरते, त्यापेक्षा एका वैदूचा काढा सुरू करा. पुण्यातला मामेभाऊ म्हणतो ऑपरेशन जुनं झालं, आता इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारं औषध) आली, आयआयटीनं पेशींची नवी ट्रीटमेंट काढली, ती घ्या. आईचं एकच, टाटालाच न्या, मग वावर गहाण पडलं तरी चालेल. बाबा काहीच बोलत नाहीत.

मानेचं ऑपरेशन खरंच लागतं का? मुंबईला गेल्यानं काही जास्त मिळेल का? आणि नवीन औषधांचं खरं काय? जाणकारांनी सांगावं.

जबडा_जंक्शन:

मी मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या विभागात आहे. पेशंट न पाहता उपचार सांगणार नाही, पण मानेचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर आहे.

गालाचा कॅन्सर पसरायला लागला की पहिला मुक्काम मानेतल्या लसिका ग्रंथींत करतो. सीटीत दिसते किंवा बोटाला लागते ती फुगलेली ग्रंथी. आत मोजक्याच पेशी जाऊन बसल्या असतील तर सीटी, एमआरआय, पेट स्कॅन, कशालाच दिसत नाहीत. म्हणजे एन० याचा अर्थ ‘आज दिसत नाही’ एवढाच. मग दोन रस्ते उरतात: ग्रंथी आत्ताच काढायच्या, किंवा लक्ष ठेवायचं आणि गाठ आली तर काढायच्या. यावर जगभरच्या सर्जनांत कित्येक वर्षं दोन तट होते. दुसऱ्या तटाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, कारण बऱ्याच जणांची मान उगाच उघडली जाते आणि खांदा दुखत राहतो.

हा वाद मिटवला तो परळच्या टाटा मेमोरियलनं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तुमच्या बाबांसारखेच, टी१-टी२ आणि मानेत गाठ नसलेले रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची दोन गटांत वाटणी केली. निकाल २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. मान आधीच साफ केलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के लोक हयात होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. रोग न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण पाहा: ६९.५ विरुद्ध ४५.९. आणि वाट पाहणाऱ्या गटाची तपासणी वेळच्या वेळी होत होती बरं का. आपल्याकडे सोयाबीन काढणीला आलं की माणूस तपासणीला येतच नाही, हे मी रोज पाहतो. आपल्या भागात ‘लक्ष ठेवू’ म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं.

दुसरा फायदा असा की काढलेली प्रत्येक ग्रंथी पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. शेक लागेल का, त्याला किमो जोडायची का, हे त्या कागदावर ठरतं. तो कागद नसेल तर पुढचे डॉक्टर अंदाजानं चालतात.

तोटाही सांगतो. खांद्याची नस वाचवतात, तरी ती ओढली जाते. फवारणीचा पंप पाठीवर घेणं काही महिने जमणार नाही. फिजिओथेरपी पहिल्यापासून करायची, खांदा आखडल्यावर नाही.

चाकू लागल्यानं कॅन्सर पसरतो हे साफ खोटं. लोक काढे घेत थांबतात, रोग वाढल्यावर ऑपरेशनला येतात, मग ते वाचले नाहीत की दोष चाकूला.

खवट_शेंगदाणा:

आधी खर्रा बंद करा म्हणावं. पन्नीत घोटून घोटून खायचा आणि मग मदतीचे धागे काढायचे. २०१२ पासून गुटखाबंदी आहे राज्यात, उपयोग काय.

निशा_आर्वी:

@खवट_शेंगदाणा, हे माणसाला माहीत नसतं असं वाटतं का तुम्हाला? धागाकर्त्यानं उपचार विचारलेत.

पऱ्हाटी भाऊ, आमच्या घरी हेच ऑपरेशन झालं, माझ्या मिस्टरांचं. डॉक्टर सांगत नाहीत ते सांगते. गालातला भाग काढल्यावर तिथं भर घालावी लागते. यांच्या छातीवरचं कातडं आणि स्नायू आतून वर ओढून लावला. छातीवर केस, तर गालाच्या आतही केस उगवले! जेवताना शिते अडकायची. आम्ही घाबरलो, डॉक्टर हसले, म्हणाले शेकानं जातील. बरेचसे गेले. तुमच्या बाबांची जखम लहान आहे, कदाचित मनगटाकडचं पातळ कातडं लावतील. कुठून घेणार ते आधीच विचारा, म्हणजे पट्टी पाहून आई दचकणार नाही.

नाकातून नळी राहते. त्यातून दूध, वरणाचं पाणी, अंडं फेटून, नाचणीची पातळ पेज द्यायची. मिक्सरमधून काढून वर गाळणी लागतेच, नाहीतर नळी तुंबते. वजन उतरू देऊ नका, पुढे शेक सोसायचा असतो.

सगळ्यात महत्त्वाच्या आईसक्रीमच्या काड्या. तोंड उघडायचा व्यायाम. समोरच्या दातांत बसतील तेवढ्या काड्या एकावर एक ठेवायच्या, मग मधे एक सरकवायची. हे रोज चिडायचे, माझ्या अंगावर काड्या फेकायचे. आता भाकर खातात.

धामणगाववाला:

मुंबईबद्दल. माझ्या बहिणीला टाटाला नेलं होतं, तिचा आजार दुर्मीळ होता म्हणून. जाणं अवघड नाही. धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस मिळते. कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत, दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. राहायला दादरला आपल्याच शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, पण जागा मिळणं नशिबावर.

मात्र तुमच्या बाबांचं दुखणं आपल्या भागातल्या सर्जनांच्या रोजच्या हातातलं आहे. खर्ऱ्यानं त्यांना एवढा सराव दिलाय की काही विचारू नका. नागपुरात मानेवाड्याचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) आहे. तुम्हाला जवळ हवं तर वर्ध्याकडचं सेवाग्राम आणि सावंगी. शेक लागला तर आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे जावं लागतं. मुंबईत तेवढे दिवस कोण राहील? तूर कोण पाहील? राहायची सोय न झालेले पेशंट मी परळच्या फूटपाथवर पाहिलेत.

टाटाचं मत हवंच असेल तर कागद पाठवून ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून घेता येतं. शिवाय २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे. देशातली ३०० हून जास्त केंद्रं त्यात जोडलेली आहेत, उपचाराच्या मार्गदर्शक सूचना सगळ्यांना एकच. आपण जातो ते हॉस्पिटल त्यात आहे का, विचारा.

पैशाचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. मंजुरी आधी, ऑपरेशन नंतर, हा क्रम चुकवू नका. आमच्या नात्यातल्या एकाकडून एका खासगी दवाखान्यानं ‘आत्ता भरा, योजनेतून परत मिळतील’ म्हणत पैसे घेतले. छदाम परत मिळाला नाही. त्यामुळे आधी दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जायचं, रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा कागद घेऊन. अडलं तर १५५३८८ वर फोन.

पऱ्हाटी:

सर्वांचे आभार. जबडा_जंक्शन सर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. मोठे बाबाही ऐकत होते, काही म्हणाले नाहीत, म्हणजे अर्धं काम झालं. मामेभाऊ अजून अडून बसला आहे. त्यानं टाटाच्याच अभ्यासाची बातमी पाठवली, कमी डोसच्या इम्युनोथेरपीची. मग ऑपरेशन कशाला म्हणतो.

जबडा_जंक्शन:

बातमी खरी आहे, पेशंट दुसरे आहेत. त्या अभ्यासात निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा अगदी लहान डोस, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, तोंडी गोळ्यांच्या किमोला जोडला होता. नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० असतो, यावरून काटकसर कळेल. एक वर्षानंतर हयात असणारे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेले. ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपल्यासारख्या देशासाठी तर आहेच. पण ते सगळे रुग्ण पूर्ण बरं होण्याच्या पलीकडे गेलेले होते, रोग उलटलेला किंवा पसरलेला. बाबा अजून बरं होण्याच्या टप्प्यात आहेत. तो टप्पा सोडून शेवटच्या टप्प्यातलं औषध आधी घेणं म्हणजे धुऱ्यावरची वाट सोडून चिखलातून जाणं.

२०२५ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब हे असंच दुसरं औषध ऑपरेशनच्या आधी आणि नंतर द्यायला मंजुरी मिळाली. ती वाढलेल्या रोगाला, आणि मधलं ऑपरेशन तिथंही आहेच. आयआयटीची म्हणतात ती नेक्सकार१९. आयआयटी मुंबई आणि टाटाच्या मंडळींचं काम, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालं. अभिमानाची गोष्ट आहे, पण ती काही रक्ताच्या आणि लसिकेच्या कॅन्सरला चालते. गालाच्या गाठीला तिचा उपयोग नाही.

मामेभावाला एक काम द्या. निर्णय ट्युमर बोर्डात झालाय का, एवढं हॉस्पिटलला विचारायला सांगा. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, किमोचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस पाहतात. चांगल्या ठिकाणी ही रीत असते. शिवाय कॅन्सरचे डॉक्टर तीन प्रकारचे, हे लोकांना माहीत नसतं. किमो देणाऱ्यानं एकट्यानं ऑपरेशन नको म्हटलं, किंवा सर्जननं एकट्यानं शेक नको म्हटलं, तर दुसऱ्याला विचारायचा हक्क तुम्हाला आहे. चांगला डॉक्टर त्यानं चिडत नाही.

तोंड दोन बोटं उघडतं हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. नाकातून दुर्बीण घालून नळी टाकावी लागेल, तयारी वेगळी असते.

जाळीचा_मास्क:

रेडिओथेरपीत तंत्रज्ञ आहे, उशिरा आलो. शेक लागलाच तर पहिल्या दिवशी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मास्क बनवतात. गार झाली की कडक. रोज तोच मास्क टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं हलत नाही. गुदमरत नाही, जाळीतून श्वास घेता येतो. मशीन फिरतं, चटका बसत नाही. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. त्रास तिसऱ्या आठवड्यापासून, तोंड सोलवटतं, चव जाते. तेव्हाच लोक सुट्टी मारतात, आणि तेव्हाच मारायची नसते. ऑपरेशननंतर शेक शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा, त्यामुळे टाके निघाले की रिपोर्ट घेऊन थेट रेडिएशनच्या ओपीडीत.

पण मी आलो ते दातांसाठी. किडलेले, हलणारे दात शेकाच्या आधी काढायचे. शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, काही वेळा हाडच सडतं. बाबांचं तोंड दोन बोटं उघडतं म्हणजे दाढेपर्यंत कोणाचा चिमटा पोचणार? भूल दिलेली असताना, त्याच ऑपरेशनमध्ये दात काढून घ्या असं सर्जनना आत्ताच सांगा. त्याआधी दंतवैद्याकडून कोणते काढायचे ते लिहून आणा.

पऱ्हाटी:

हे कोणीच सांगितलं नव्हतं. मागच्या दोन दाढा हलतात त्यांच्या. सोमवारी आधी दातांच्या ओपीडीत, मग आरोग्यमित्राकडे फाईल. मामेभावानं ट्युमर बोर्डाचं विचारायचं कबूल केलं. निशाताई, नळीसाठी गाळणी चहाची चालते का, की कापड घ्यायचं?

निशा_आर्वी:

चहाची चालते, बारीक जाळीची घ्या. नंतर थोडं साधं पाणी सोडून नळी धुवायची, दर वेळी.