मदत हवी आहे: अनोळखी माणसांचे फोटो काढताना बुजायला होतं

दादरच्या फुलबाजारात पहाटे जातो. बल्बच्या पिवळ्या उजेडात झेंडूचे ढीग, मांडी घालून हार ओवणाऱ्या मावशी. समोर सगळं असतं, पण कॅमेरा डोळ्याला लावायचा धीर होत नाही. लांबून झूम करून काढलेले फोटो सीसीटीव्हीतल्यासारखे निर्जीव येतात. आता ३५ एमएमची, झूम नसलेली लेन्स आहे, म्हणजे जवळ जाणं आलंच. आधी विचारलं तर लोक पोझ देतात, न विचारता काढला तर कुणी खेकसेल ही धास्ती (पहाटे गिऱ्हाइकाच्या घाईत तर हमखास!). एफ ८ वर (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे पुढचं-मागचं बरंचसं स्पष्ट येतं) झोन फोकस, म्हणजे ठरावीक अंतरावर आधीच फोकस लावून, कॅमेऱ्यात न बघता कमरेजवळून काढणाऱ्यांना ते खरंच जमतं का? की आधी पाव किलो शेवंती घेऊन गप्पा माराव्यात? कुणी ‘डिलीट करा’ म्हणालं तर लगेच करेन, त्याचं काही नाही. पहिला फोटो कसा काढायचा, तेवढं सांगा.